ओल्ड-टाइम बँड जॅमला रंगतो आणि स्टेजवर पडतो, तर चाळीस मिनिटांचं काय करायचं

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहता, चौघांचा ओल्ड-टाइम स्ट्रिंग बँड आहे, म्हणजे ॲपलाचियाच्या डोंगराळ भागातलं जुनं नाचाचं संगीत वाजवणारा; फिडल (म्हणजे व्हायोलिनच), क्लॉहॅमर पद्धतीचा बँजो, डबल बेस, आणि गिटार तुम्ही वाजवता. बुधवारच्या जॅमला, म्हणजे सगळे गोलात बसून आपल्यासाठीच वाजवता तेव्हा, असं काही जमतं की घरी जावंसं वाटत नाही, पण मागच्या महिन्यात फार्मर्स मार्केटला वाजवलं तर लोक एक ट्यून ऐकून टोमॅटो घ्यायला निघून गेले. आता सप्टेंबरात गावातल्या म्युझिक फेस्टिव्हलला ४० मिनिटं मिळालीयत. तर तुम्ही विचारताय की लोकांना तेच तेच वाटतं म्हणून ब्लूग्राससारखे सोलो, म्हणजे एकेकाने पुढे येऊन एकट्याने वाजवणं, घालावेत का, मध्ये एखादं हिंदी गाणं टाकावं का, साउंडवाल्याला काय सांगायचं, आणि शेवटी जरा दबकत, की आपल्यासारख्या माणसाने हे ॲपलाचियाचं संगीत तिथल्या स्टेजवर वाजवलेलं लोकांना विचित्र वाटेल का.

मी मूळची मिरजेची. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या दुकानांवरून रोज शाळेत जायचे पण स्वतः कधी काही वाजवलं नाही, आणि मग डरहॅमला आल्यावर पस्तिशीत बँजो हातात घेतला. त्याला आता १४ वर्षं झाली. नोकरी भलतीच आहे, पण उन्हाळ्यातले अर्धे शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या तंबूत नाहीतर स्टेजवर जातात. तीन बँड झाले, त्यातला एक माझ्यामुळेच मोडला, ते असो. सांगायचं एवढंच की जे तुमचं मार्केटात झालं ते माझंही झालंय, आणि जास्त वाईट झालंय.

तुम्हाला वाटतंय प्रॉब्लेम 'तेच तेच'चा आहे. मला नाही वाटत. तुमच्याच प्रश्नात एक वाक्य आहे, 'दोन ट्यूनच्या मध्ये बँजोवाला तारा लावत बसतो आणि आम्ही हसून वेळ काढतो'. लोक गेले ते तिथे गेले. ट्यून चालू असताना माणूस सहसा उठत नाही हो, पाय तरी हलत असतो. ट्यून संपते, टाळ्या होतात, आणि मग स्टेजवर चार लोक एकमेकांकडे बघत टिंग टिंग करतायत, अशी दोन मिनिटं गेली की माणूस उठणारच. आणि दुसरं म्हणजे तुम्ही बहुतेक जॅमला बसता तसेच गोल करून बसला असणार, म्हणजे निम्म्या लोकांना बेसवाल्याची पाठ दिसली.

आता ते तेच तेच म्हणजे काय ते बघू, कारण किती कापायचं हे त्यावरून ठरतं. आपल्या बहुतेक ट्यूनचे दोन भाग, ए आणि बी, प्रत्येक आठ बारचा (बार म्हणजे दोन ठोक्यांचा तुकडा), प्रत्येक दोनदा. नाचाच्या लयीत, मेट्रोनोम साधारण ११६ ला ठेवला, तर एक पूर्ण फेरी ३३ सेकंदांत होते. जॅमला आपण पंधरा-वीस फेऱ्या सहज घेतो, म्हणजे आठ ते अकरा मिनिटं एकच ट्यून. हे कुणी वेडेपणाने नाही ठरवलेलं, हे स्क्वेअर डान्ससाठीचं संगीत आहे आणि कॉलर, म्हणजे नाचाच्या चाली ओरडून सांगणारा, जोपर्यंत जोड्या फिरवतोय तोपर्यंत वाजवत राहायचं. वाजवणाऱ्याला त्यात काय मिळतं ते तुम्हाला माहितीच आहे, सातव्या-आठव्या फेरीनंतर डोकं बाजूला होतं आणि हातच वाजवायला लागतात, दिंडीत चालणाऱ्याला तेच भजन तासभर कंटाळवाणं होत नाही पण रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवून उभ्या असलेल्याला पाच मिनिटांत होतं, तसंच. फेस्टिव्हलला तुमच्यासमोर सगळे स्कूटरवाले असतात. त्यांना रस्त्याच्या कडेवरून आत ओढायचं एवढंच तुमचं काम, संगीत बदलायचं नाही.

त्यामुळे पहिलं, ट्यून छोट्या करा. पाच-सहा फेऱ्या, पावणेतीन ते सव्वातीन मिनिटं, बास. आणि यात परंपरा मोडल्याचं पाप वगैरे काही नाही, कारण जुन्या बँडांनीच ते केलंय. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्या अमेरिकेच्या दक्षिणेत आल्या, अटलांटात १९२३ ला फिडलिन जॉन कार्सनची रेकॉर्ड निघाली, १९२७ ला टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टलला ती प्रसिद्ध रेकॉर्डिंग सेशन्स झाली, तर त्या ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटंच मावायची. मग चार्ली पूलच्या नॉर्थ कॅरोलायना रॅम्बलर्सनी किंवा स्किलेट लिकर्सनी काय केलं, फेऱ्या कापल्या, मध्ये मध्ये गाण्याच्या ओळी घातल्या, स्किलेट लिकर्स तर मध्येच ओरडायचे, गप्पा मारायचे. आज आपण ज्याला अस्सल जुनं म्हणून कान लावून ऐकतो ते बऱ्यापैकी तबकडीच्या मापाने कापलेलं आहे.

सोलो मात्र घालू नका. याबाबतीत मी हट्टी आहे, दुसऱ्या कुणाचं मत वेगळं असू शकेल. ब्लूग्रास मुळात स्टेज आणि रेडिओसाठी घडलं, बिल मनरोच्या बँडमध्ये १९४५ च्या शेवटी अर्ल स्क्रग्ज तीन बोटांचा बँजो घेऊन आला, एकेकाने माईकपुढे यायचं, आपलं कसब दाखवायचं, मागे जायचं, ती रचनाच तशी आहे आणि ते लोक त्यात तरबेज असतात. आपल्याकडे फिडल आणि बँजो एकच चाल एकाच वेळी वाजवतात, थोडी थोडी वेगळी, आणि मजा त्या दोघांच्या मधल्या फटीत असते. क्लॉहॅमरमध्ये नख वरून खाली तारेवर पडतं आणि मग अंगठा त्या आखूड पाचव्या तारेवर उतरतो, मी आमच्या मिरजेच्या पाहुण्यांना सांगते की ती सतारीची चिकारी समजा, मग त्यांना लगेच कळतं. म्हणजे चाल, लय आणि आस तिन्ही त्या एकाच हातात आहे. आता त्याच्याखाली तुमची गिटार बूम-चक करतीये ती जमीन आहे. तुम्ही सोलो घ्यायला जमीन सोडली की वरचे दोघं लटकतात. आम्ही हा प्रयोग एका हंगामात केला, गिटारवाला चांगला होता, लोकांनी टाळ्या पण दिल्या, पण प्रत्येक सोलोनंतर बँडला पुन्हा लय पकडायला एक अख्खी फेरी जायची, आणि सहा फेऱ्यांतल्या दोन अशा गेल्या तर उरलं काय.

बदल हवा असेल तर काढून टाका, वाढवू नका. पहिली फेरी फिडल एकट्याची. दुसरीत बँजो. तिसरीला तुम्ही आणि बेस एकदम आत या, बघा मग समोरचे लोक कसे मान वर करतात. चौथ्या-पाचव्याला तुम्ही दोघं पुन्हा गप्प, नुसतं फिडल-बँजो, आणि शेवटच्याला परत सगळे. ही युक्ती नाहीये, गिटार यायच्या आधी तसंच वाजायचं, मेल-ऑर्डर कॅटलॉगवाल्या स्वस्त गिटारी डोंगरात पोचेपर्यंत फिडल आणि बँजो एवढाच बँड असायचा. चाळीस मिनिटांत दोन-तीन ट्यूनना असं करा, सगळ्यांना नको. आणि तीन तरी गाणी ठेवा, शब्दांची. माणसाचा आवाज आला की लोक थांबतात, हे कुठल्याही देशात सारखंच. सगळ्यांना गाता येत नसेल तर एकाने दोन ओळी आणि मग फेरी, पुन्हा दोन ओळी, जुन्यांतले पुष्कळ जण असंच गायचे, त्याला गळा लागत नाही, बेधडकपणा लागतो.

आता तारा लावण्याचं. हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि कुणी सांगत नाही. जॅमला आपण एका पट्टीत तास तास बसतो कारण बँजोला पट्टी बदलणं म्हणजे तारा बदलून लावणं. स्टेजवर पण तेच करा. सेटची यादी आवडीने नाही, पट्टीने लावा. माझी नेहमीची जी, मग डी, मग ए, अशी असते. का ते बघा. जी ला बँजो आपल्या साध्या ओपन जी मध्ये आणि फिडल नेहमीसारखं जी-डी-ए-ई. तिथून डी ला जाताना बँजोची चौथी तार डी वरून सी ला खाली, दुसरी बी वरून सी ला वर, दुसऱ्या पडद्यावर कापो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा), आणि पाचवी तार सातव्या पडद्याजवळच्या त्या छोट्या खिळ्यात अडकवायची. फिडलर जर जुन्या पद्धतीने वाजवत असेल तर त्याची फक्त जाडी तार जी वरून ए. मग डी वरून ए ला जाताना बँजोच्या त्याच दोन तारा परत होत्या तिथे, कापो आणि खिळा तसाच, आणि फिडलची तिसरी तार डी वरून ई, झालं ए-ई-ए-ई. म्हणजे अख्ख्या कार्यक्रमात फक्त दोनदा तारा लावायच्या, फिडलची दर वेळी एकच तार आणि तीही वर चढवायची. वर चढवलेली तार टिकते, खाली उतरवलेली पुढच्या ट्यूनमध्ये हळूच सरकते, म्हणून ए वरून मागे येऊ नका, ए ला कार्यक्रम संपवा. तसंही ए च्या ट्यून जास्त चढतात, चार तारा एकमेकींना उत्तर देतात त्या लावणीत, खोलीभर घुमतं ते. सी च्या ट्यून तुम्हाला कितीही प्रिय असल्या तरी यावेळी घरी ठेवा. आणि कुणाचा दुसरा बँजो मिळत असेल तर एक जी-ए साठी आणि एक डी साठी, मग तर प्रश्नच मिटला.

त्या दोन बदलांना प्रॅक्टिस करा. खरंच, घड्याळ लावून. आमचा बँजोबदल आधी अडीच मिनिटांचा व्हायचा, आता सव्वा मिनिटाच्या आत होतो. क्लिपवाला ट्यूनर घ्या पण उन्हात त्याचा पडदा दिसत नाही, म्हणून बँजोवाल्याने दोन पावलं मागे सावलीत वळून लावायचं. आणि त्या सव्वा मिनिटात बोलायचं तुम्ही, कारण गिटारला काही करायचं नसतं. म्हणून तर गिटारवाला हा बँडचा सूत्रधार असतो, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते.

काय बोलायचं? ट्यून कुणाकडून आली ते. आपल्याकडे गाणारा आधी गुरूचं नाव घेऊन कानाला हात लावतो ना, इथे हात लावत नाहीत एवढंच, बाकी प्रकार तोच. 'ही आम्ही टॉमी जॅरेलच्या वाजवण्यावरून घेतली, माउंट एअरीशेजारच्या टोस्ट गावचा, आयुष्यभर सरकारी रस्त्यांवर ग्रेडर चालवायचा, रिटायर झाल्यावर देशभरातली पोरं त्याच्या घरी येऊन राहायची आणि शिकायची, १९८५ ला गेला', एवढं तीस सेकंदांत होतं. तुमच्या सेटमध्ये हेन्री रीडची ट्यून असेल तर ती गोष्ट तर आपल्या दारातली आहे. रीड व्हर्जिनियात ग्लेन लिन नावाच्या छोट्या गावात राहायचा, डरहॅमच्या ड्यूक विद्यापीठात शिकणारा ॲलन जबूर १९६० च्या दशकात टेपरेकॉर्डर घेऊन त्याच्याकडे गेला, आणि मग जबूर आणि मंडळींच्या हॉलो रॉक स्ट्रिंग बँडमधून त्या ट्यून डरहॅमहून देशभर गेल्या. आज ओरेगॉनमधला जॅम पण त्या वाजवतो. समोर बसलेल्या डरहॅम-रॅलीच्या माणसाला हे ऐकायला आवडतं, त्याला वाटत असतं की हे सगळं कुठेतरी डोंगरात झालं. फक्त जे खात्रीचं आहे तेच सांगा, 'ही ट्यून तीनशे वर्षं जुनी आहे' असली वाक्यं नकोत, गर्दीत एखादा तरी म्हातारा फिडलर असतोच आणि तो नंतर तुम्हाला गाठतो. मला गाठलंय.

साउंडचं तुमच्या फेस्टिव्हलवर अवलंबून आहे. बंद हॉल असेल, लोक खुर्च्यांवर बसणार असतील, तर एकच मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर माईक मधोमध आणि तुम्ही त्याच्याभोवती अर्धगोल, गिटार जवळ, फिडल त्याच्या किंचित बाजूला, बँजो एक पाऊल मागे, बेस सगळ्यात मागे. सुंदर येतं. पण त्यात मॉनिटर (वाजवणाऱ्यांना ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर) लावता येत नाही, लावला की शिट्टी. आणि उघड्या मैदानात, शेजारी जनरेटर आणि फूड ट्रक असताना एका माईकचा हट्ट धरू नका, मी धरला होता, वाऱ्याचा फडफड आवाज आमच्यापेक्षा चांगला गेला. मैदानात चौघांना चार माईक, गाणाऱ्याला वेगळा, बेसला पिकअप असेल तर थेट लाइन. बँजोचा माईक पुलाकडे, म्हणजे तारांखालच्या घोडीकडे, रोखू नका, मान जिथे चामड्याला भेटते त्या बाजूला थोडा रोखा, नाहीतर नुसता पत्र्यासारखा येतो. आणि चार माईक असले तरी उभे राहताना जवळ जवळच राहा, हात लांब केला तर शेजाऱ्याच्या खांद्याला लागेल इतके. एकमेकांना कानाने ऐकू आलं पाहिजे, मॉनिटरमध्ये फक्त थोडं फिडल आणि थोडी गिटार मागा. अर्धगोल लोकांकडे उघडा ठेवा, पण सरळ रेषेत उभं राहू नका, बँजोला फिडलरचा हात दिसलाच पाहिजे.

साउंडवाल्याला आधी भेटा आणि तीन गोष्टी सांगा. एक, आमच्यात सोलो नसतात, त्यामुळे फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) एकदा लावला की हात लावू नको. ब्लूग्रासची सवय असलेला माणूस सारखा शोधत असतो की आता कोण पुढे आलं, आणि कुणाला तरी उगीच वर चढवतो. दोन, फिडल आणि बँजो सारख्या आवाजात हवेत, एक वर एक खाली नको. तीन, गिटारचं १०० हर्ट्झच्या खालचं काप, नाहीतर तुमची गिटार आणि बेस मिळून एक घों घों होतो आणि सगळी लय चिखलात जाते. हे सगळं गोड बोलून सांगायचं, आणि नाव विचारून, त्या माणसाने सकाळपासून नऊ बँड केलेले असतात.

एक हवेची गोष्ट. तुमच्या बँजोवर खरं चामडं आहे की प्लास्टिकचं ते तुम्ही लिहिलं नाही. चामडं असेल तर सप्टेंबरात पण सांभाळा. पावसाळ्यात तबला-ढोलकीचं काय होतं ते आपल्याला माहिती आहे, इथेही तेच, दमट हवेत चामडं सैल पडतं, पूल खाली बसतो, तारा पडद्यांना टेकायला लागतात आणि आवाज उशीवर मारल्यासारखा. माझा सगळ्यात वाईट कार्यक्रम असाच झाला. जुलै महिना, नदीकाठचा एक छोटा फेस्टिव्हल, सकाळी पाऊस आणि दुपारी कडक ऊन. घरून निघताना चामडं मस्त, स्टेजवर चढेपर्यंत पार मऊ. मग मी चामडं ताणणाऱ्या ब्रॅकेटचे नट आवळत बसले, एकेक, सगळीकडून सारखे आवळावे लागतात ना, तोवर आमच्या फिडलरने ए वरून परत जी ला तारा उतरवायला घेतल्या, यादी आवडीने लावलेली, त्याच्या तारा सरकायला लागल्या, आणि तिसरा माणूस माईकवर म्हणाला 'हा हा, वी ट्यून बिकॉज वी केअर', जो विनोद या संगीतातल्या प्रत्येकाने हजार वेळा ऐकलाय. ४० मिनिटांत आमच्या पाच ट्यून झाल्या. समोर शेवटी आयोजक, दोन नवरे-बायका आणि एक कुत्रा. त्यानंतर मी स्टेजसाठी प्लास्टिकचं लावलं, चामडं घरी आणि जॅमला. आवाजात थोडं जातं, पण थोडंच.

नाच. जर एकच गोष्ट ऐकणार असाल तर ही ऐका. चार बाय चार फुटांचा पाऊण इंची प्लायवूड घ्या, खाली दोन पट्ट्या ठोका म्हणजे तो जमिनीपासून जरा वर राहील आणि वाजेल, आणि ओळखीचा कुणी फ्लॅटफूट (फळीवर पायांनी ताल वाजवायचा नाच) नाचणारा असेल तर त्याला दोन ट्यूनसाठी बोलवा. तुमच्या जॅमला कुणीतरी असतंच, नाहीतर जवळच्या स्क्वेअर डान्सला विचारा. चामडी तळव्याचे बूट, फळीवर टाचा-चवड्यांचा आवाज, तोच तुमचा ढोल. फळी स्टेजवर नको, स्टेजच्या खाली, लोकांच्या पातळीवर ठेवा. आमच्या एका कार्यक्रमात ती नाचणारी बाई दोन फेऱ्या नाचून बाजूला झाली आणि फळी रिकामी राहिली, तर एक सात-आठ वर्षांचा पोरगा लाईट लागणारे बूट घालून त्यावर चढला आणि नुसत्या उड्या मारायला लागला, लयीत बियीत काही नाही. त्याच्यामागे त्याची बहीण. दोन मिनिटांत तिथे कोंडाळं झालं. त्या ट्यूनला आम्ही बारा-तेरा फेऱ्या घेतल्या, आणि कुणाला तेच तेच वाटलं नाही, कारण आता ते संगीत त्याच्या मूळ कामावर होतं. म्हणून मी म्हणते छोट्या करा, पण एक ट्यून लांब ठेवा, नाचाची.

हिंदी गाण्याचं. करू शकता, कुणी अडवणार नाही, टाळ्याही भरपूर पडतील. मी केलंय म्हणून सांगते, त्या टाळ्या त्या गाण्याला होत्या, आणि नंतरच्या फिडल ट्यूनला लोक पुन्हा तसंच काहीतरी यायची वाट बघत बसले. आपल्याला कानाला जवळचं वाटतं हे खरंय. ए च्या कितीतरी ट्यूनमध्ये कोमल निषाद लागतो, ओल्ड जो क्लार्क घ्या, सरळ खमाज थाट. काही नुसत्या पाच सुरांवर चालतात, भूपाच्या सुरांवर. मला शिकताना याचा फार उपयोग झाला, नोटेशनशिवाय चाल डोक्यात बसायची. पण हे आपल्या आतल्या कामाचं आहे, माईकवर समजावून सांगायचं नाही.

आणि शेवटचा प्रश्न, दबकत विचारलेला. विचित्र वाटेल का? काहींना दोन मिनिटं वाटेल, मग तुम्ही वाजवायला लागाल. मला अजूनही कार्यक्रमानंतर 'तुम्ही कुठल्या' विचारतात, मी 'डरहॅम' म्हणते, मग 'नाही, म्हणजे मूळच्या', मग मी मिरज सांगते, मग त्यांना मिरजेच्या तंबोऱ्यांबद्दल सांगते, आणि बऱ्याचदा त्यातून चांगल्या गप्पा होतात. पण एक ध्यानात ठेवा. बँजो हे वाद्यच मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या हातातून आलेलं आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या वाद्यांचा वंशज, आपल्या तंबोऱ्याचाही भोपळाच. फिडल आलं स्कॉटलंड-आयर्लंड-इंग्लंडच्या लोकांबरोबर. ती जोडी जमली तीच मुळी सरमिसळीतून. नंतर रेकॉर्ड कंपन्यांनी विकायच्या सोयीसाठी गोऱ्यांचं 'हिलबिली' आणि काळ्यांचं 'रेस रेकॉर्ड' असे दोन कॅटलॉग केले, आणि काळे स्ट्रिंग बँड लोकांच्या आठवणीतून जवळजवळ पुसले गेले. डरहॅमहून अर्ध्या तासावर मेबेन आहे, तिथे जो थॉम्पसन हा काळा फिडलर फर्निचरच्या कारखान्यात काम करून घरची जुनी ट्यून वाजवत राहिला, २०१२ ला ९३ व्या वर्षी गेला. २००५ मध्ये बूनला ब्लॅक बँजो गॅदरिंग झालं, तिथे भेटलेली तीन तरुण मुलं, रियॅनन गिडन्स त्यातली एक, मग त्याच्याकडे दर आठवड्याला शिकायला जायला लागली आणि त्यातून कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स झाला, २०११ ला ग्रॅमी मिळालं. त्यामुळे कुणाचा चेहरा या संगीताला शोभतो हा प्रश्न या राज्यात तरी जरा जपूनच विचारावा लागतो. तुम्ही फक्त सोंग करू नका, म्हणजे ओव्हरऑल, गवताची टोपी, ओढून-ताणून काढलेला डोंगरी हेल, यातलं काही नको. इस्त्रीचा शर्ट घाला. जॅरेलचे फोटो बघा, साधे नीटनेटके कपडे असतात.

जमलं तर त्याआधी एकदा जूनमध्ये माउंट एअरीच्या फिडलर्स कन्व्हेन्शनला नाहीतर ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सच्या कन्व्हेन्शनला जाऊन या, गॅलॅक्सचं १९३५ पासून चालू आहे. यंदाचा जून गेला असला तर गॅलॅक्स अजून मिळेल. स्टेजवर स्पर्धा चालू असते तीही बघा, बँड किती कमी वेळात सेट होतो, कसे चिकटून उभे राहतात, पण मुक्काम गाड्यांच्या आणि तंबूंच्या मध्येच करा, खरं काय ते तिथे रात्री दोनला चालू असतं.

तर तुमचा सेट मी असा लावीन. स्टेजवर चढतानाच तारा जी ला लागलेल्या, 'हॅलो' वगैरे न म्हणता फिडलर सुरू, बोलणं पहिल्या ट्यूननंतर. जी च्या तीन, त्यातलं एक गाणं. तुम्ही बोला, तारा बदला. डी च्या तीन, पुन्हा एक गाणं, आणि एकीत फक्त फिडल-बँजो. पुन्हा बोला, पुन्हा तारा. मग ए ची नाचाची लांब ट्यून, एक गाणं आणि एक शेवटची. अशा नऊ होतात, बोलणं-तारा धरून ३८ मिनिटं, दोन मिनिटं हातात ठेवा कारण तुमच्या आधीचा बँड उशीर करणारच.

आणि शेवट कसा करायचा ते ठरवा. जॅमला फिडलर शेवटच्या फेरीला पाय वर उचलतो आणि सगळे बी भागाच्या अखेरीला एकत्र थांबतात, ते सगळ्यांना दिसतं कारण आपण गोलात बसतो. स्टेजवर उभं असताना पाय दिसत नाही. आमचा बेसवाला एकदा लोकांकडे बघून हसण्यात इतका रमला की आम्ही थांबलो आणि तो एकटाच पुढचा अख्खा ए भाग वाजवत गेला. त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या, पण तुम्ही पाय नाही तर भुवई नाही तर काहीतरी ठरवून ठेवा, आणि बेसवाल्याला दोनदा सांगा.